टॅली प्राइममध्ये युनिट, स्टॉक ग्रुप आणि स्टॉक कॅटेगरी: आधी काय पक्कं करायचं

प्रश्न थोडक्यात असा: बांधकाम साहित्य आणि इलेक्ट्रिकल मालाचा व्यवसाय आहे, बाराशेच्या आसपास आयटम आहेत. आजवर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त रकमांचा हिशोब होता, आता मालाचा साठाही ठेवायचा आहे. खरेदी टनात, पेटीत, कॉइलमध्ये होते आणि विक्री गोणीत, नगात, मीटरमध्ये. युनिट कोणतं धरायचं, ग्रुप आणि कॅटेगरी यांत नेमका फरक काय, आणि आत्ता चुकलं तर नंतर बदलता येतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. ग्रुप आणि कॅटेगरी कधीही बदलता येतात. आयटम उघडायचा, 'अंडर'मध्ये दुसरा ग्रुप निवडायचा, सेव्ह करायचं. मागच्या सगळ्या नोंदींसकट तो आयटम नव्या ग्रुपच्या रिपोर्टमध्ये दिसायला लागतो. युनिटचं तसं नाही. आयटमवर व्हाउचर, म्हणजे खरेदी-विक्रीची नोंद, पडलं की त्याचं मूळ युनिट बदलता येत नाही. म्हणजे ग्रुपची रचना चुकली तर एका दुपारचं काम वाढतं, युनिट चुकलं तर प्रत्येक आयटमची स्वतंत्र दुरुस्ती करावी लागते. बहुतेक ठिकाणी उलटं घडतं: ग्रुपच्या झाडावर आठवडाभर चर्चा होते आणि युनिट मात्र एंट्री करणारा माणूस आयटम उघडताना सुचेल ते टाकतो.

म्हणून टॅली उघडण्याआधी एका शीटमध्ये चार रकाने करा: आयटमचं नाव, खरेदीचं माप, विक्रीचं माप आणि मोजणीच्या दिवशी गोदामात तो माल प्रत्यक्ष कसा मोजला जातो. आयटमचं मूळ युनिट ठरवायचा नियम सोपा आहे: व्यवहारात येणारं सगळ्यात लहान माप, जे हातांनी किंवा काट्यावर मोजता येतं. पेटीतून एकेक नग सुटा विकला जात असेल तर मूळ युनिट नग. पेटी कधीच फुटत नसेल तर मूळ युनिट पेटी ठेवायला हरकत नाही. पण 'कधीच नाही' हे गोदाम सांभाळणाऱ्याला विचारून लिहा. कार्यालयातलं उत्तर आणि गोदामातलं उत्तर बऱ्याचदा वेगळं निघतं.

आता युनिट तयार करणं. गेटवे ऑफ टॅलीवरून क्रिएट, मग युनिट. साध्या म्हणजे सिंपल युनिटला चार गोष्टी लागतात: सिंबॉल, फॉर्मल नेम, यूक्यूसी (जीएसटीचा मापाचा कोड, खाली येतो) आणि दशांश स्थळं. सिंबॉल बिलावर छापला जातो. तो 'नग' असा मराठीत लिहिला तरी चालतो, कारण जीएसटीचं रिटर्न सिंबॉल बघत नाही, यूक्यूसी बघतं.

दशांश स्थळं शून्यापासून चारपर्यंत देता येतात. नगाला शून्य, मीटरला दोन, किलोला आणि टनाला तीन ही मांडणी बहुतेक धंद्यांना पुरते. टनाला दोनच स्थळं दिली तर १० किलोपेक्षा लहान फरक नोंदवताच येणार नाही. गोणी, पेटी, कॉइल यांना मात्र सवयीने शून्य देऊ नका. ही मापं पुढे अल्टरनेट युनिट, म्हणजे मूळ युनिटच्या जोडीचं दुसरं माप, म्हणून वापरायची असतील तर साडेतीन पेट्या साडेतीनच दिसायला हव्यात, त्यासाठी दोन स्थळं ठेवा.

यूक्यूसी म्हणजे जीएसटीने ठरवून दिलेला मापाचा कोड. इथली ठरलेली चूक म्हणजे एमटीआर आणि एमटीएस यांची अदलाबदल. एमटीआर म्हणजे मीटर, एमटीएस म्हणजे मेट्रिक टन. यादी घाईत खाली सरकवताना शेजारची ओळ निवडली जाते आणि वायरचा सगळा हिशोब टनात जातो. पुस्तकातला साठा बरोबर असतो, त्यामुळे चूक आत कुठेच दिसत नाही. दिसते ती थेट जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमधल्या तक्ता १२च्या एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा कोड) सारांशात. तसेच बीडीएल म्हणजे बंडल आणि बीयूएन म्हणजे बंच, जीआरएस म्हणजे ग्रोस आणि जीएमएस म्हणजे ग्रॅम. युनिटं तयार झाल्यावर यूक्यूसीचा रकाना एकदा दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. पंधरा-वीस ओळींचं काम आहे.

त्याच तक्त्यामुळे आणखी एक शिस्त लागते. सारांश एचएसएन, यूक्यूसी आणि दर यांच्या जोडीनुसार तयार होतो. एकाच एचएसएनचा अर्धा माल 'पीस'मध्ये आणि अर्धा 'नंबर'मध्ये असेल तर दोन ओळी पडतात. त्यात बेकायदा काही नाही, पण आकडे ताडून बघणं अवघड होतं. मोजून विकायच्या सगळ्या मालाला एकच युनिट ठेवा, नग म्हणा किंवा पीस म्हणा. मे २०२५ पासून हा तक्ता नोंदणीकृत ग्राहकांची विक्री आणि इतर विक्री असा दोन भागांत द्यावा लागतो, त्यामुळे विनाकारण फुटलेल्या ओळी आता दुप्पट त्रास देतात. एचएसएन किती अंकी हवा तेही आत्ताच पाहून घ्या: मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल ५ कोटींपेक्षा जास्त असेल तर सहा अंकी. मास्टर, म्हणजे आयटमची कायमची नोंद, भरतानाच सहा अंकी टाकलेला बरा, उलाढाल वाढली की पुन्हा बाराशे आयटम उघडावे लागत नाहीत.

यानंतर येतो सगळ्यात गोंधळाचा भाग: कंपाउंड युनिट आणि अल्टरनेट युनिट. दोन्ही 'एक पेटी म्हणजे बारा नग' हेच सांगतात, म्हणून लोक हाताला येईल ते वापरतात. फरक असा की कंपाउंड युनिटमध्ये ते प्रमाण युनिटच्या मास्टरमध्ये राहतं आणि अल्टरनेटमध्ये ते आयटमच्या मास्टरमध्ये राहतं. यावरून निवड करा. जे प्रमाण सगळ्या जगात एकच आहे, म्हणजे डझनाचे १२ नग, टनाचे १००० किलो, ग्रोसचे १४४ नग, त्याला कंपाउंड. जे प्रमाण मालागणिक बदलतं, म्हणजे पेटीत कधी १०, कधी २४, कधी ५०, त्याला अल्टरनेट. पेटीसाठी कंपाउंड वापरायला गेलात तर 'दहाची पेटी', 'बाराची पेटी', 'चोविसाची पेटी' अशी युनिटं वाढतच जातात आणि एंट्री करणारा यादीतली चुकीची पेटी उचलतो.

कंपाउंड तयार करताना युनिटच्या पडद्यावर टाइप सिंपलऐवजी कंपाउंड करायचा. कर्सर थेट सिंबॉलवर येतो, तेव्हा बॅकस्पेस दाबून मागे जा. मग फर्स्ट युनिट, कन्व्हर्जन, सेकंड युनिट. मोठं माप पहिलं: डझन, १२, नग. उलटं भरलं तर एका नगाचे बारा डझन होतात आणि टॅली काही तक्रार करत नाही. कंपाउंडमध्ये दोन सिंपल युनिटंच जोडता येतात. कार्टनमध्ये पेट्या आणि पेटीत नग अशी तीन मजली बांधणी असेल तर मूळ युनिट नग ठेवा, ज्या मजल्यावर खरेदीचं बिल येतं तो अल्टरनेट करा आणि मधला मजला सोडून द्या. तिसऱ्या मजल्याचा आग्रह धरून कोणाचं भलं झालेलं नाही.

कंपाउंडमध्ये एंट्री करताना दोन आकड्यांमधला सांधा, म्हणजे आडवी रेघ, महत्त्वाचा. टन आणि किलोच्या कंपाउंडमध्ये २-३५ म्हणजे २ टन ३५ किलो. २ टन ३५० किलो लिहायचे असतील तर २-३५०. दशांशाची सवय असलेला माणूस इथे हमखास घसरतो. म्हणून टनाच्या मालाला मी कंपाउंडपेक्षा साधा किलो किंवा साधा टन, तीन दशांश स्थळांसह, हेच सुचवेन.

अल्टरनेटसाठी आयटम तयार करण्याच्या पडद्यावर एफ१२ दाबून अल्टरनेट युनिटचा पर्याय 'येस' करावा लागतो, नाहीतर तो रकाना दिसतच नाही. मग युनिटच्या खाली अल्टरनेट युनिट निवडायचं आणि त्याखाली प्रमाण भरायचं. तुमच्या मालातली तीन उदाहरणं घेऊ, तिन्हींचं वागणं वेगळं आहे.

सिमेंट. गोणी ५० किलोची, म्हणजे टनाच्या बरोबर २० गोण्या. विक्री गोणीत, म्हणून मूळ युनिट गोणी, अल्टरनेट टन, प्रमाण १ टन = २० गोण्या. हे प्रमाण कधी हलत नाही. खरेदी टनात टाका, विक्री गोणीत टाका, कुठेच अडत नाही.

वायर. ९० मीटरची कॉइल आणि सुटी विक्रीही मीटरवर. मूळ युनिट मीटर, अल्टरनेट कॉइल, १ कॉइल = ९० मीटर. साठ्यात तीन अख्ख्या कॉइल आणि ४० मीटरचा तुकडा असेल तर टॅली ३१० मीटर किंवा ३.४४ कॉइल दाखवेल. ३.४४ वाचून गोदामात काहीच कळत नाही. सुटी विक्री खूप असेल तर वायरपुरतं '९० मीटरची कॉइल' हे कंपाउंड घेतलेलं चांगलं, तिथे तोच साठा ३-४० असा दिसतो. वरच्या नियमाला हा अपवाद, पण समजून केलेला. आणि ९० मीटरच्या कॉइलबरोबर १८० मीटरची कॉइलही ठेवत असाल तर ते दोन वेगळे आयटम करा. एका आयटमला एकच ठरलेलं प्रमाण असतं, आणि दोन्ही लांब्या एका नावाखाली घातल्या की कॉइलचा आकडा निरर्थक होतो.

सळई. हा खरा कसोटीचा माल. खरेदी वजनकाट्यावर, विक्री कधी किलोवर तर कधी नगावर. १२ मिमी सळईचं मीटरला वजन काढायचं सूत्र व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १४४ भागिले १६२, सुमारे ०.८८९ किलो. १२ मीटरच्या नगाचं वजन १०.६७ किलो येतं. पण हे कागदावरचं वजन. आयएस १७८६ या मानकात मीटरच्या वजनाला सूट आहे: १० मिमीपर्यंत ७ टक्के, त्यावर १६ मिमीपर्यंत ५ टक्के आणि त्याहून जाड सळईला ३ टक्के, दोन्ही बाजूंनी. म्हणजे प्रत्येक गाडीचं प्रमाण वेगळं. मूळ युनिट किलो ठेवा, अल्टरनेट नग, मास्टरमध्ये १ नग = १०.६७ किलो. प्रत्यक्ष एंट्री करताना गाडीचं खरं वजन वेगळं असेल तर क्वांटिटीच्या रकान्यात दोन्ही आकडे बरोबरच्या चिन्हाने टाकता येतात, जसं १०४० किलो = १०० नग. टॅली त्या व्हाउचरपुरतं ते प्रमाण धरतं. हे न करता नेहमी मास्टरमधलं प्रमाण वापरलं तर वर्षअखेरीस किलो जुळतात आणि नग जुळत नाहीत, किंवा उलट. मग चोरीचा संशय येतो, जिथे दोष फक्त गुणाकाराचा असतो.

रंगाचे डबे मात्र लिटरमध्ये ठेवू नका. १ लिटर, ४ लिटर, २० लिटर हे तीन वेगळे आयटम, तिन्हींचं युनिट नग. डबा उघडून लिटरने रंग विकत नाही ना, मग लिटरमध्ये मोजायचं कशाला? २० लिटरचे दोन डबे आणि १ लिटरचे चाळीस डबे ही एकच शिल्लक नव्हे, आणि लिटरमध्ये ठेवलं की टॅलीला ती एकच वाटते.

दरातली चूकही युनिटमधूनच जन्म घेते. क्वांटिटी पेटीत टाकली, दरही पेटीचा टाकला आणि 'पर'च्या (दर कोणत्या मापाचा आहे त्या) रकान्यात नग राहिलं, तर रक्कम पेटीतल्या नगांच्या पटीने फुगते. बिलाची बेरीज समोरच्या बिलाशी न जुळल्याने खरेदीत हे सापडतं. ओपनिंग स्टॉकमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या शिलकेत, सापडत नाही, कारण तिथे ताडायला बिलच नसतं. ओपनिंग भरून झालं की स्टॉक समरी उघडा आणि फक्त दराचा रकाना वरून खाली वाचा. शेजारच्या त्याच जातीच्या मालापेक्षा दहापट, बारापट दर दिसला की तो आयटम उघडा.

आता ग्रुप आणि कॅटेगरी. ग्रुप म्हणजे माल काय आहे: पाइप, फिटिंग, व्हॉल्व्ह, वायर, स्विच. कॅटेगरी म्हणजे त्याच मालाकडे दुसऱ्या बाजूने बघणं: ब्रँड, किंवा मिलिमीटरचा आकार, किंवा एकमेकांना पर्याय म्हणून चालणारा माल. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, पण प्रत्येक आयटमला ग्रुप एकच आणि कॅटेगरीही एकच मिळते. ब्रँडही हवा आणि आकारही हवा असं झालं तर एक कॅटेगरीत आणि दुसरा आयटमच्या नावात जातो. कोणता कुठे, हे खरेदीचा निर्णय कशावर होतो त्यावर ठरवा. ब्रँडप्रमाणे ऑर्डर जाते, म्हणून बहुतेक ठिकाणी ब्रँड कॅटेगरीत आणि आकार नावात बरा पडतो.

एक कारण कॅटेगरी वेगळ्या तऱ्हेने वापरायला भाग पाडतं. स्टॉक क्वेरी हा रिपोर्ट एखाद्या आयटमबरोबर त्याच कॅटेगरीतल्या इतर आयटमची शिल्लकही दाखवतो. काउंटरवर 'हे नाही तर याऐवजी काय' हा प्रश्न सारखा येत असेल तर कॅटेगरी ब्रँडची न करता पर्यायी मालाची करा. दोन्ही फायदे एकदम मिळत नाहीत, एक निवडावा लागतो.

कॅटेगरी पहिल्यांदा तयार करताना टॅली ती सोय चालू करायची का विचारतं, होकार द्या. ज्यांना ती नको आहे त्यांनी बिनधास्त सोडून द्यावी. रिकाम्या किंवा अर्ध्या भरलेल्या कॅटेगरीचा रिपोर्ट नसल्यापेक्षा वाईट, कारण तो पूर्ण आहे असं समजून कोणीतरी ऑर्डर देतं.

ग्रुपच्या पडद्यावर एक निरागस दिसणारा प्रश्न असतो: या ग्रुपमधल्या मालाच्या क्वांटिटीची बेरीज करायची का. ग्रुपमधल्या सगळ्या आयटमचं युनिट एकच असेल तरच 'येस'. सळईच्या ग्रुपला येस, फिटिंगला येस, पण 'इलेक्ट्रिकल' या वरच्या ग्रुपखाली मीटरची वायर आणि नगाचे स्विच दोन्ही असतील तर 'नो'. ग्रुपच्या दोन पातळ्या पुरतात, तिसरी क्वचित लागते. गोदामाच्या नावाचे ग्रुप करू नका. माल कुठे आहे हे गोडाउनचं काम, कोणत्या लॉटचा आहे हे बॅचचं.

ग्रुपचा खरा उपयोग जीएसटीत होतो. दर आणि एचएसएन ग्रुपवर दिला की खालच्या आयटमना तो मिळतो, आणि वेगळा दर असलेल्या आयटमवर तेवढा बदल करता येतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. ज्यांनी दर ग्रुपवर ठेवला होता त्यांनी ग्रुप उघडून नवीन तारखेपासूनचा दर एकदा भरला. ज्यांनी प्रत्येक आयटमवर भरला होता ते आयटम मोजत बसले. म्हणून ग्रुप पाडताना एका ग्रुपमध्ये एकाच दराचा माल येईल असं बघा, जमेल तितकं. याचीच दुसरी बाजू: पुढे आयटम एका ग्रुपमधून दुसऱ्यात हलवताना आधी दोन्ही ग्रुपचे दर पाहा. आयटमला स्वतःचा दर नसेल तर हलवताक्षणी त्याला नव्या ग्रुपचा दर लागतो, आणि पुढचं बिल चुकीच्या दराने छापलं जातं.

बाराशे आयटम भरताना क्रम असा ठेवा: युनिट, ग्रुप, कॅटेगरी, गोडाउन आणि शेवटी आयटम. आधी वेगळ्या चाचणी कंपनीत वीस आयटम भरा, त्यात सळई, वायर आणि एक पेटीचा माल असू द्या. प्रत्येकाची एक खरेदी, एक विक्री, एक विक्री परत अशी एंट्री करून स्टॉक समरी आणि जीएसटीआर-१ उघडा. इथे सापडलेली चूक फुकट असते. खरी भरती एक्सेलमधून इम्पोर्ट करणार असाल तर शीटमधली युनिटची नावं टॅलीतल्या सिंबॉलशी तंतोतंत जुळवा.

भरती झाली की व्हाउचरमधून ऑल्ट+सी दाबून नवीन मास्टर तयार करायचा अधिकार एंट्री करणाऱ्यांकडून काढून घ्या. एकाच मालाचे दोन आयटम आणि एकाच मापाची तीन युनिटं याच दारातून येतात, आणि टॅलीत दोन आयटम एकत्र करायची तयार सोय नाही.

इतकं करूनही एखाद्या आयटमचं युनिट चुकलेलं निघालंच तर आधी बघा, चूक नावाची आहे की मापाची. फक्त सिंबॉल किंवा यूक्यूसी चुकलं असेल तर युनिटचा मास्टर दुरुस्त करा, सगळ्या आयटमवर बदल होतो. मापच चुकलं असेल, म्हणजे नगाऐवजी पेटी धरली गेली असेल, तर बॅकअप घ्या आणि पुढच्या क्रमाने जा.

१. त्या आयटमच्या उघड्या राहिलेल्या ऑर्डर आणि डिलिव्हरी चलन पूर्ण करा किंवा बंद करा.
२. जुन्या आयटमचं नाव बदला, मागे 'जुना' जोडा. एलियस (आयटमचं दुसरं नाव) असेल तर तोही काढा, नाहीतर नवीन आयटमला तो घेता येणार नाही.
३. मूळ नावाने योग्य युनिटचा नवीन आयटम तयार करा. ग्रुप, एचएसएन आणि दर तोच.
४. प्रत्यक्ष मोजणी करून ऑल्ट+एफ७ने स्टॉक जर्नल, म्हणजे एका आयटमचा साठा दुसऱ्यात नेणारी नोंद, टाका. सोर्समध्ये जुना आयटम, समजा २५ पेट्या. डेस्टिनेशनमध्ये नवा आयटम, ३०० नग. दोन्हीकडची एकूण रक्कम सारखी ठेवा, नगाचा दर टॅलीला त्यातून काढू द्या.
५. जुन्या आयटमची शिल्लक क्वांटिटी आणि रक्कम दोन्ही शून्य झाली का ते पाहा. क्वांटिटी शून्य आणि रक्कम उरलेली, असं झालं तर स्टॉक जर्नलमधला सोर्सचा दर दुरुस्त करा.

तारीख शक्यतो १ एप्रिल निवडा. वर्षाच्या मध्ये केलं तर त्या वर्षाचा मालाच्या हालचालीचा रिपोर्ट दोन आयटममध्ये विभागला जातो आणि बेरीज हाताने करावी लागते. जुना आयटम डिलीट होणार नाही, त्याच्यावर व्हाउचर आहेत; तो 'बंद माल' अशा वेगळ्या ग्रुपखाली हलवा. प्राइस लिस्ट आणि बिल ऑफ मटेरियलमध्ये (तयार मालाला लागणाऱ्या मालाच्या यादीत) मात्र अजून जुनाच आयटम असतो, तिथे जाऊन नवा टाकावा लागतो.